चोंबडेपणा सोडलेला फोन

सत्यशीलाबाई लग्नं जमवतात. कसब्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत कोण कशासाठी येऊन गेलं, हे शेजारी असून मला कधी कळलं नाही, आणि मी चौकशा कमी केल्या असं कोणी म्हणणार नाही. "तुम्हाला लग्न करायचंय का? नाही ना? मग चहा प्या," एवढंच उत्तर मिळे.

अशा बाईंच्या घरून गुपित फुटलं.

झालं असं, की बाई फोनमध्ये नुसतं नाव कधी साठवत नसत. धंद्याची सवय. 'वैजनाथ, टक्कल, आईचं ऐकतो.' 'शर्मिला, कडक मंगळ.' आणि लोणी काळभोरची मुलगी, 'ऋतुजा, नवऱ्याने टाकलेली.' पुढे त्यांनी अनोळखी फोन कोणाचा ते सांगणारं एक ॲप घेतलं. त्याने सगळे नंबर मागितले, बाईंनी भाबडेपणाने 'हो' केलं. ॲपने ती नावं जशीच्या तशी उचलली आणि चारचौघांत वाटली. ऋतुजाने नव्या नोकरीसाठी फोन केला, तेव्हा तिकडच्या मुलाखत घेणाऱ्या बाईंकडेही तेच ॲप असल्याने त्यांच्या स्क्रीनवर हेच शब्द आले. मुलाखतीनंतर त्यांनीच तिला बाजूला घेऊन ते दाखवलं.

ऋतुजा तडक कसब्यात आली. मी चहा पीत होतो. उठायला हवं होतं, उठलो नाही.

"काकू, घराबाहेर मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

"देवाशपथ गं, मी कोणाजवळ अवाक्षर काढलं नाही!"

ऋतुजाने त्यांचा फोन घेतला, चाळला आणि तिचा आवाज उतरला. "तुम्ही नाही सांगितलं, काकू. फोनने सांगितलं."

"म्हणजे सगळ्यांचंच गेलं?"

"सगळ्यांचं."

बाईंनी फोन तिच्या हातातून काढून उपडा ठेवला. "मग आजपासून हे काम बंद. कोणत्या तोंडाने लोकांना घरात घेऊ?" त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं.

ऋतुजा एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. रविवारी ती स्वतःचा जुना फोन बाईंना द्यायला घेऊन आली. त्यातलं मूळचं सगळं पुसून तिने वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती. बाईंनी टॉर्चचं ॲप घेतलं, तर फोनने आधी विचारलं, याला इंटरनेट द्यायचं का?

"उजेडाला इंटरनेट कशाला मेलं?" बाई म्हणाल्या आणि 'नाही' दाबलं. टॉर्च मुकाट्याने लागला.

मग ऋतुजाने मुद्दाम तेच चोंबडं ॲप टाकलं. त्याने नंबर मागितले. तिने एक सेटिंग बदललं. ॲपला वाटलं परवानगी मिळाली, पण त्याच्यापुढे यादी आली रिकामी.

बाई बघतच राहिल्या. "म्हणजे त्याला वाटतंय, मला जगात कोणी नाही?"

"कोण्णी नाही."

"अगं बाई!" त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला, प्रसाद घ्यावा तसा. मीही थक्क झालो होतो. इतकी वर्षं हा डबा खिशात घेऊन फिरलो. त्याला 'नाही' म्हणता येतं, आणि तो ऐकतो, हे माझ्या गावीही नव्हतं.

बँकेचं ॲप मात्र त्या वेगळ्या सिस्टीमवर चालेना. "बँक कोपऱ्यावर आहे, आणि पाय देवाने दिलेत," बाई म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "गेलेलं परत येतं का गं?"

"नाव काढायला ॲपवाल्यांना कळवता येतं. मी माझं काढलंय. ज्यांनी वाचलं, त्यांच्या डोक्यातून नाही निघत."

ऋतुजा जुने नंबर नव्या फोनमध्ये टाकून देते म्हणाली, तर बाईंनी तिचा हात धरला. "नको. फोन विचारतो, मग मी नको विचारायला? एकेकाला फोन करीन, झालं ते सांगीन. ठेव म्हणतील त्यांचाच ठेवीन." आणि नवा फोन तिच्यापुढे धरला. "तुझा ठेवू का?"

मला वाटलं, ऋतुजा उठून जाणार. पण तिने फोन घेतला, स्वतःच नाव आणि नंबर घातला आणि परत दिला. बाईंनी चष्मा लावून वाचलं. 'ऋतुजा.'

"पुढे काही नको?"

"पुढचं तुमच्या पोटात राहू द्या, काकू."