दादा घेऊन गेले

घरात मी धाकटा. थोरल्या भावाला सगळे दादा म्हणायचे, आणि मला नुसती नावाने हाक. आमच्या लष्कर नावाच्या पेठेतल्या इमारतीतली पोरं मला अंकल म्हणू लागली, ते मला आवडेना. एकदा जिन्यात त्यांना थांबवून मी सांगितलं, "अंकल नहीं, दादा बोलो." पोरं हिंदी घरांतली. त्यांनी माझ्या पांढऱ्या होत चाललेल्या डोक्याकडे पाहिलं आणि लगेच मान डोलावली.

बायकोला कळल्यावर ती हसत सुटली. "अहो, हिंदीत दादा म्हणजे आजोबा. तुम्ही तर स्वतःहून म्हातारे होऊन बसलात."

"मराठीत मोठा भाऊ होतो."

"इथे मराठीत विचारतंय कोण तुम्हाला?"

नाव मात्र रुळलं. समोरच्या फ्लॅटमधली पहिलीतली मुलगी तर ते इमारतभर ओरडत फिरायची. तिचे वडील नोकरीसाठी परगावी असतात. आई टोपी बाजारातल्या एका घाऊक दुकानात बिलं करते. लेकीचं ऐकून तीही मला दादा म्हणू लागली. या वर्षी शाळेची व्हॅन बंद झाली तेव्हा तिने संकोचत विचारलं, "दादा, दोपहर को आप ले आएँगे?" विम्याच्या दाव्यांसाठी नुकसानीचे अंदाज काढायचं माझं काम घरूनच चालतं. मी हो म्हटलं. शाळेत तिच्या बाईंना मुलीनेच सांगून टाकलं, "मैं दादा के साथ जाऊँगी." बाईंनी माझ्याकडे पाहून नमस्कार केला. त्या काय समजल्या असतील हे माझ्या लक्षात आलं होतं, पण खुलासा करावासा वाटला नाही. थोडी गंमतच वाटली.

थंडीतल्या एका दुपारी मी फाटकावर पोचलो, तर मुलं बाहेर पडत होती आणि ही दिसेना. शेवटची दोन-चार पोरंही गेली. फाटकावर रोजचा माणूस नव्हता. त्याच्या जागी दुसराच कोणी कुंपणाला सायकल टेकवून उभा होता. मी मुलीचं नाव सांगितलं.

"वो तो गई. दादा ले गए उसके."

"कौन दादा?"

"अरे, उसके दादा. मैडम ने बोला था, ये बच्ची दादा के साथ जाती है. वो आए, बोले दादा हूँ, हमने भेज दी."

"दादा तो मैं हूँ."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आप भी?"

कसा होता माणूस? उंच, मफलर गुंडाळलेला, मिशा. मुलगी रडत होती का? नाही, ध्यान नहीं दिया. कोणत्या बाजूला गेले? त्याने हात हलवला, त्यात अर्धा रस्ता आला.

मी बाईंना शोधायला आत गेलो. त्या निघून गेल्या होत्या. मग तिच्या आईला फोन लावला. जे सांगायचं ते भलत्याच टोकाकडून सांगितलं. "वो स्कूल में नहीं है. ये लोग बोल रहे हैं, दादा ले गए."

ती हसली. मागे दुकानातला गलका ऐकू येत होता. "तो ठीक है ना, दादा. आप ही तो ले जाते हो."

"मैंने नहीं लिया. मैं यहाँ खड़ा हूँ. फाटक पे."

ती दुकानाबाहेर आली असावी, मागचा गलका कमी झाला. ती म्हणाली, "फिर कौन ले गया?"

हा प्रश्न तिने मला विचारला, आणि तो विचारायचा तर मलाच होता. आमच्या घरी मी जत्रेत मागे राहिलो की आई मला रागावायची नाही. ती भावाकडे वळायची: दादा, तू कुठे होतास? त्याचं वय माझ्यापेक्षा असं किती मोठं! तरी त्याने उत्तर द्यायचं. मी ते नाव घेतलं तेव्हा मला त्यातला मान तेवढा दिसला होता.

ती म्हणाली, सासरे असू शकतात. पण ते भिंडकडे गावी असतात, न सांगता येत नाहीत. त्यांचा फोन बंद लागत होता. ती दुकानातून निघते म्हणाली. मी रस्त्यावर आलो आणि प्रवासी टेम्पोवाल्यांना विचारत सुटलो. डोकं आपोआप हिशेब करू लागलं. मला थांबवता येईना. टेम्पो ताशी वीस किलोमीटर धरला तर पंधरा मिनिटांत पाच. पाच किलोमीटरच्या वर्तुळात स्टेशन येतं, बसस्टँड येतो, किल्ल्याची पूर्ण टेकडी येते, पलीकडची हजीरा वस्ती येते. वेळ दुप्पट झाला की वर्तुळ चौपट. मी पायी शोधतो आहे. एवढं गणित मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जळालेल्या दुकानांसाठी केलं, तेव्हा ते कागदावरच राहायचं.

महाराज बाड्याच्या चौकातल्या गर्दीत प्रत्येक मफलर मला उंच दिसत होता. एका म्हाताऱ्याच्या हाताला धरलेल्या मुलीला मी मागून खांद्याला धरून वळवलं. ती दुसरीच होती. तिचा आजोबा माझ्या अंगावर धावून आला, "क्या कर रहे हो? पागल हो?" त्याचं बरोबर होतं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, तुम्ही आहात कुठे? आपल्याकडे एक गृहस्थ बसलेत, समोरच्यांचे सासरे. बाड्यावर पोरीला तिळाची गजक खाऊ घालून आणलं म्हणतात. चहा टाकलाय, या लवकर."

मी तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसलो. मुलीच्या आईला फोन केला. ती रडत होती की धापा टाकत होती, कळलं नाही.

घरी पोचलो तर खरे आजोबा ताठ बसले होते. फोनची बॅटरी गेलेली. नातीला अचानक भेटावं म्हणून आले होते. तेवढ्यात पोचलेल्या सुनेला त्यांनी विचारलं, "और ये कौन हैं?" मुलगीच बोलली, "दादा हैं." ते माझ्याकडे पाहत राहिले. "तो मैं कौन हूँ?" सगळे हसले. मीही हसलो, पण कप तसाच खाली ठेवला.

त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. हाच विचार मला त्या दिवसापासून सोडत नाही. ते खरे होते, हा निव्वळ योग. ते फाटक उघडायला एकच शब्द लागत होता, आणि तो मी, गंमत म्हणून, तिथे ठेवून आलो होतो. मिशा असलेला कोणीही तो उच्चारू शकला असता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मी मुलीच्या आईला घेऊन शाळेत गेलो. बाईंना सांगितलं, मी तिचा आजोबा नाही, काका नाही, कोणीच नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. माझा फोटो ठेवा, आणि चेहरा जुळल्याशिवाय कोणाच्याही नुसत्या सांगण्यावर तिला सोडू नका. बाई ओशाळल्या. मुलीच्या आईने माझ्याकडे न बघता विचारलं, "कल से आएँगे ना आप?" माझ्या मनात होतं की नाही म्हणावं. दुसऱ्याचं लेकरू, कशाला हवा हा घोर? तोंडातून हो निघालं.

परतताना मुलीने विचारलं, "तो आप दादा नहीं हो?"

"गेट पे नहीं. गेट पे सामने वाले अंकल."

"और घर पे?"

रस्ता ओलांडायचा होता. टेम्पो येत होता. मी तिचं मनगट धरलं, इतकं घट्ट, की ती म्हणाली, "दुख रहा है." मी पकड थोडी सैल केली. थोडीच.