काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची गाडी

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांची नावंगावं आता पुसट झाली आहेत, पण ती घटना मात्र काल घडल्यासारखी आठवते. कारण त्या प्रकरणात मी आधी साफ चुकलो होतो आणि मग त्याच प्रकरणात मला नोकरीतला सगळ्यात मोठा आनंद मिळाला.

धुळे जिल्ह्यात, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला असलेल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. मे महिन्यातला गुरुवार होता. दुपारी बंद बॉडीच्या ट्रकमधून परदेशी बनावटीची पिवळी स्पोर्ट्स कार इंदूरकडे चालली होती. ड्रायव्हर एका ढाब्यावर जेवला, ताक प्यायला आणि बाजेवर आडवा झाला. तासाभराने उठला तर ट्रक गायब. संध्याकाळी तो ट्रक आम्हाला तीन-चार किलोमीटरवर एका कच्च्या रस्त्याला सापडला. आत कार नव्हती.

आता गंमत पाहा. ट्रकची चावी ड्रायव्हरच्या खिशात, काच फुटलेली नाही, वायरी तोडलेल्या नाहीत. चावीशिवाय ट्रक हलला कसा? मी म्हटलं, हलला नाही, यानेच हलवला आणि परत येऊन झोपेचं सोंग घेतलं. केबिनला कुलूप नव्हतं, पण कारची चावी आत आहे, हेही त्यालाच ठाऊक. मी त्याला अटक केली. शुक्रवारी न्यायालयाने सोमवारपर्यंत पोलीस कोठडी दिली आणि मी मोठ्या रुबाबात पेपरवाल्यांना सांगितलं, "ड्रायव्हरच चोर निघाला."

हा ड्रायव्हर पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यातला, पन्नाशीचा, अंगाने वाळका. तीन वेळा जबाब घेतला, तिन्ही वेळा तेच. "सायेब, मी ताक पिधं, बाजवर आडा पडनू. उठनू तं गाडी नही. चावी तं मना खिसामा शे. आखो काय सांगू?"

खोटं बोलणारा माणूस तिसऱ्या वेळी काहीतरी नवीन सांगतो, हा माझा जुना अनुभव. याने एक शब्द बदलला नाही. तो खरं बोलतोय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी त्याचा अर्थ पक्का बेरड असा घेतला.

त्याची बायको रोज सकाळी एसटीने डबा घेऊन यायची. भाकरी, ठेचा, कांदा. ठाणे अंमलदार डबा तपासून आत द्यायचा आणि ती दाराजवळच्या बाकावर बसून राहायची. शनिवारी तिने मला अडवलंच. "सायेब, हाऊ माणूस बैलले सुद्धा काठी मारत नही. चोरी काय करी? गावमा माले पाणी भराले जावाना भी चोरी व्हयनी."

मी "चौकशी चालू आहे" म्हणून पुढे गेलो. ते तीन शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा बोललोय की त्यांची मला आता शरम वाटते.

रविवारी सकाळी धुळ्याच्या देवपूर भागातून एक गृहस्थ आले. सत्तरीच्या आसपासचे, पांढरा शर्ट, बगलेत गुंडाळी केलेले कागद. सगळे त्यांना नाना म्हणायचे. दीपनगरच्या वीज केंद्रात आरेखक, म्हणजे ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केलेली, आता धुळ्यात मुलीकडे राहायचे. ठाणे अंमलदाराने त्यांचं म्हणणं ऐकलं आणि त्यांना बाकावर बसवून ठेवलं. दोन तास! मी विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला, "साहेब, डोकं फिरलेलं दिसतंय. गाड्यांची चित्रं दाखवतात."

मीही वैतागूनच त्यांना आत घेतलं.

नानांचा छंद जगावेगळा होता. कंपन्या नवी गाडी बाजारात आणण्याआधी रस्त्यावर चालवून बघतात. तिचं रूप कळू नये म्हणून अंगभर काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांचे स्टिकर चिकटवतात. लोक चोरून तिचे फोटो काढतात आणि मग मोबाइलवर हजारो माणसं तर्क लढवतात, पुढचे दिवे असे असतील, मागचा भाग तसा असेल. नाना त्या फोटोंवरून येणाऱ्या गाडीचं चित्र काढायचे. पट्टी आणि टोकदार पेन्सिल घेऊन, मापाबरहुकूम. आमच्याकडच्या उन्हात इंजिन किती तापतं ते पाहायला अशा गाड्या उन्हाळ्यात महामार्गावर येतातही, त्यामुळे कुणाला त्यांचं नवल नव्हतं.

"काल दुपारी कॉलेजच्या पोरींनी पारोळ्याच्या रस्त्यावर हा फोटो काढला," नानांनी मोबाइल पुढे केला. "रात्रीपर्यंत सगळीकडे फिरला. अमुक कंपनीची नवीन स्पोर्ट्स कार, धुळ्याजवळ चाचणी! लोक म्हणतात बोनेट लांबवलंय, छप्पर खाली घेतलंय. मी चित्र काढायला बसलो आणि माझी पेन्सिलच अडली."

"का?"

"बदलच नाही साहेब. एक सूतही नाही." त्यांनी दोन कागद माझ्या टेबलावर एकमेकांवर ठेवले आणि खिडकीकडे धरले. खालचं चित्र आत्ता रस्त्यावर धावणाऱ्या मॉडेलचं, वरचं फोटोवरून काढलेलं. रेघेवर रेघ बसत होती. "आणि हे बघा. कंपनी नव्या गाडीचे दिवे सगळ्यात आधी झाकते, कारण बदल तिथेच असतो. दारं-छप्पर बहुधा तेच राहतं, म्हणून ते झाकायची एवढी घाई नसते. इथे उलटं. दिवे उघडे आणि दारं झाकलेली! ज्याने हे केलंय त्याला गाडीचा आकार लपवायचा नाही. रंग लपवायचाय. तुमची चोरीची गाडी पिवळी होती ना?"

मी खुर्चीतून उठलोच. दोन दिवसांत मी सगळ्या टोलनाक्यांना पिवळ्या गाडीवर नजर ठेवायला सांगितलं होतं. आणि ती गाडी भरदुपारी, लोकांना फोटो काढू देत, माझ्या नाकासमोरून गेली होती.

पण गेली कुठे? फोटोत नंबरप्लेट धूसर होती. काचा काळ्या. मी नानांचं चित्र पुन्हा पाहिलं. पुढच्या बंपरखाली त्यांनी एक बारीक तार काढून शेजारी लिहिलं होतं, 'तापमापक?'

"हे काय?"

"त्यावर रात्रभर वाद चालू होता," नाना म्हणाले. "कुणी म्हणतं उष्णता मोजायचं यंत्र, कुणी म्हणतं आपोआप ब्रेक लावणारं. तांब्याची तार आहे, खाली काहीतरी लोंबतंय."

मी फोटो मोठा केला. मोठा करत गेलो आणि मला हसू फुटलं. इतकं की ठाणे अंमलदार धावत आला. तांब्याच्या तारेत ओवलेल्या हिरव्या मिरच्या होत्या, त्याखाली लिंबू आणि शेवटी काळाभोर बिब्बा. अख्खा देश रात्रभर ज्या यंत्राची चर्चा करत होता ते शनिवारचं लिंबू-मिरची होतं. नाना आधी ओशाळले, मग तेही डोळे पुसत हसले.

आता हे काम माझ्या मुलखातलं होतं. लिंबू-मिरची सगळे दोऱ्यात ओवतात. तांब्याच्या तारेत कोण ओवतो? आमच्या हवालदाराने क्षणात सांगितलं. धुळ्यात एका चौकात शेतीच्या मोटारी भरून देणाऱ्या, म्हणजे वायंडिंग करणाऱ्या एका आबांचं दुकान होतं. दर शनिवारी ते उरलेल्या तारेत लिंबू-मिरची ओवून गाड्यांना बांधायचे. हौस म्हणून.

आबांना फोटो दाखवला. चष्मा वर करून ते म्हणाले, "हा, मनंच बांधेल शे. क्रेनवाला भाऊ हाई गाडी लई उना व्हता, काल सकाळे. म्हने, दुसऱ्यानी गाडी पोचाडनी शे. तो माणूस शनवारले कोणतीच गाडी बांधल्याबिगर हालावत नही."

क्रेनवाला! महामार्गावर अपघात झाला की आम्ही याच माणसाला बोलावत असू. गुरुवारी ट्रक सापडला तेव्हाही हा तिथे हजर होता. ट्रकच्या पंचनाम्यावर पंच म्हणून याचीच सही होती आणि नंतर माझ्याच खोलीत बसून याने चहा घेतला होता.

त्याला बोलावलं. नेहमीसारखा हसत आला, नमस्कार केला. मी चोरीबद्दल अवाक्षर काढलं नाही. धंद्याची विचारपूस केली. माझा अनुभव असा की कसबी माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारलं की त्याला राहवत नाही, तो बोलतोच.

"काय हो, चावी नसेल, ट्रक गिअरमध्ये असेल, तर तुमच्या क्रेनचं काही चालत नसेल ना?"

"असं कसं साहेब!" त्याला ते लागलंच. "पुढची चाकं उचलायची, खालून मागचा शाफ्ट सोडायचा. चार बोल्ट असतात. दहा मिनिटांचं काम. ट्रकला कळतसुद्धा नाही."

"आणि लोकांनी विचारलं तर?"

"क्रेनवाल्याला कोण विचारतं, साहेब?"

बोलून गेला आणि खुर्चीतून उठायला लागला. गुरुवारी आमचा पोलीस ड्रायव्हर तो ट्रक चालवत ठाण्यात घेऊन आला होता आणि खालून खडखडतंय अशी तक्रार करत होता. मी क्रेनवाल्याला घेऊन आवारात गेलो. हवालदार ट्रकखाली शिरला आणि ओरडला, "साहेब, शाफ्टला तीनच बोल्ट! चौथा नाहीच!"

मी तांब्याच्या तारेचा फोटो त्याच्यापुढे धरला. त्याने फोटोकडे पाहिलं, ट्रकखाली पाहिलं आणि मट्‌कन खाली बसला. "स्टिकर चांगले लावले होते साहेब," आधी एवढंच म्हणाला. लिंबू-मिरचीशिवाय शनिवारी गाडी हलवायची हिंमत मात्र त्याला झाली नव्हती.

ट्रकमध्ये कार आहे हे ढाब्यावरच कानावर पडल्याचं त्याने कबूल केलं आणि जागा सांगितली. दुपारी चारच्या सुमाराला आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या, हंगाम संपल्याने बंद असलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये होतो. रिकाम्या बारदानाच्या ढिगाखाली गाडी सापडली. या वेळी पंच म्हणून मी नानांना नेलं होतं. मी म्हटलं, "नाना, मान तुमचा." त्यांनी बोनेटच्या कोपऱ्यावर नख लावलं आणि स्टिकर ओढला. खालून हळदीसारखा पिवळा रंग उघडा पडला. माझ्या ठाण्यातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, एकाने शिट्टीही मारली. मी दटावलं नाही. चॅसिस नंबर मी स्वतः मोठ्याने वाचला, फिर्यादीतल्या नंबराशी आकडा न आकडा जुळला. नाना गाडीभोवती फिरत होते, वाकून दिव्यांकडे बघत होते. म्हणाले, "बघा, एक सूतही बदल नाही." त्या क्षणी मला जो आनंद झाला तो पुढे पोलीस पदक मिळालं त्या दिवशीही झाला नव्हता.

सोमवारी न्यायालयात अहवाल दिला. ड्रायव्हर सुटला. ठाण्यात परत आल्यावर सगळ्या स्टाफसमोर, त्याच्या बायकोसमोर मी त्याला म्हणालो, "माझं चुकलं." आरोपीला असं कधी म्हणालो नव्हतो.

तो म्हणाला, "सायेब, तुम्ही आठे बोलनात, बरं वाटनं. पन गावमा बठ्ठा माले चोर म्हणतस. हाई तठे येईसन सांगा." म्हणजे हेच गावात येऊन सगळ्यांसमोर सांगा.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. नानांकडून शिकलो की झाकलेल्या वस्तूत काय आहे यापेक्षा ती कशासाठी झाकली हे आधी विचारावं. पण त्याहून मोठा धडा ड्रायव्हरने दिला. आरोप मी पेपरातून गावभर पोचवला होता, आणि सुटका मात्र केस पेपरमध्ये एका ओळीत ठेवून मी मोकळा होणार होतो.

मी जीप काढली. गणवेशात, नवरा-बायकोला सोबत घेऊन. गाव जवळ आलं तसा तो म्हणाला, आपण मागच्या बाजूने जाऊ. मी जीप थेट पारासमोर उभी केली. माणसं जमली. सरपंचांनी खुर्ची आणली, मी बसलो नाही.

"या माणसाने चोरी केलेली नाही," मी म्हणालो. "खरा चोर पकडलाय. याला पकडलं ही माझी चूक होती."

पारावरचे एक म्हातारे म्हणाले, "पन पेपरमा तं छापेल व्हतं."

"पेपरवाल्यांना मीच सांगितलं होतं, बाबा. चुकीचं सांगितलं होतं."

तेवढ्यात त्याची बायको जीपमधून उतरली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्या पारावरून नजर फिरवत खणखणीत आवाजात म्हणाली, "ऐकं ना बठ्ठासनी?"

"ऐकं," ते म्हातारे म्हणाले. मग दुसरा म्हणाला, मग सगळेच. ड्रायव्हरने टोपी सरळ केली आणि बायकोच्या बरोबरीने, गावातल्या मधल्या रस्त्याने, हळूहळू चालत घरी गेला.