लवंगे, सांग त्याले

आमची फुई तिच्या सख्ख्या भावाशी मांजरीमार्फत बोलायची.

फुई म्हणजे आत्या. एका घरात राहणारी, एका चुलीवरचं खाणारी ही बहीणभावंडं. पण भावाला उद्देशून फुईनं कधी शब्द टाकला नाही. आबा, म्हणजे फुईचे आणि माझ्या वडलांचे थोरले भाऊ, घराचे कारभारी आणि गावचे पाटील. ते पाटावर येऊन बसले की फुई ताट सरकवायची आणि चुलीपाशी मुटकुळं करून पडलेल्या लवंगीला म्हणायची, "लवंगे, सांग त्याले, दाय खारट शे. खावानी व्हई तं खाय, नही तं ऊठ." लवंगी डोळासुद्धा उघडायची नाही. आबा मुकाट्यानं खारट डाळ ओरपायचे. डाळ चुकून खारट व्हायची नाही हो, केलेली असायची. आमच्या ताटातली कधी खारट लागली नाही.

याला कारण होतं. आजोबा गेल्यावर फुईचं लग्न आबांनी ठरवलं. ती दहा वर्षांची, नवरा पंचेचाळिशी गाठलेला बिजवर. शहाद्याकडचं मोठं जमीनदार घराणं होतं आणि आबांना तशा घराशी सोयरीक हवी होती. चौदाव्या वर्षी फुई पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आली. गावात इतरांकडे विधवेचा पाट लागायचा, दुसरं लग्न व्हायचं, पण आम्ही पडलो पाटलाचं घर! पाट लावला तर नाक कापलं जातं म्हणे. नाक आबांचं, आणि जन्मभर जळायचं फुईनं. त्या दिवसापासून तिनं आबांशी बोलणं टाकलं. आई सांगायची, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "वहिनी, मी त्यान्हासंगे बोलनार नही. पन इसरनार बी नही."

लवंगी नखाएवढी असताना आमच्या वाळत घातलेल्या मिरच्यांच्या ढिगात सापडली, म्हणून लवंगी. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची नाही. माजघर, स्वैपाकघर आणि माळा एवढंच तिचं राज्य, पण त्या राज्यात आबांचं जे जे असेल ते सगळं तिचं. आबांच्या लोडाला नखं, आबांच्या दुधावरची साय, आबांच्या अंथरुणात अर्धा उंदीर. त्यांचं पागोटं कोनाड्यात ठेवलेलं असायचं, त्यात ती निजायची. एकदा तर त्यातच व्याली. नेमका त्या दिवशी गावात गोरा साहेब मुक्कामाला यायचा होता. आबा थयथयाट करत होते आणि पागोट्यात तीन पिल्लं चुकचुक दूध पीत होती. फुई आत डोकावून म्हणाली, "लवंगे, सांग त्याले, त्यान्हा पागोटामातून आज पहिल्यांदा काही कामनं निंघनं." पाटील त्या साहेबापुढे शेजाऱ्याचं पागोटं घालून गेले.

आबा मांजरीला मारू शकत नव्हते. मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते, आणि आबांना पापाची जेवढी धास्ती तेवढीच सोन्याची. शकुन-अपशकुनाचे तर ते गुलाम. बाहेर पडताना कुणी शिंकलं की परत फिरायचे, पाणी प्यायचे, घटकाभर बसायचे. आम्हा पोरांना हे सगळं पाठ होतं, आणि फुईला आमच्याहून जास्त.

मी अकरा वर्षांची झाले आणि तळोद्याकडून माझ्यासाठी सांगून आलं. पुन्हा बिजवर. तीन लेकरांचा बाप, त्यातलं थोरलं माझ्याच वयाचं. पण घर केवढं मोठं! आबा हरखून गेले. माझे वडील आबांपुढे मान वर करत नसत. आई रडायची आणि चुलीचा धूर लागला म्हणायची. फुई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. परातीतल्या पिठाकडे बघतच ती बोलली, "आयक लवंगे. त्यानी माले खाई टाकं. आते हाई पोरले खावाले निंघना. देखूत, कसा जास तो."

सुपारी फोडायला जायचा दिवस ठरला. दमणी जुंपली. नवं पागोटं घालून आबा ओट्याच्या पायऱ्या उतरले, आणि जी मांजर कधी उंबरा ओलांडत नव्हती ती घरातून गोळीसारखी सुटली, आबांच्या पायांपुढून आडवी गेली आणि समोरच्या गोठ्यात शिरली. आबांचं पाऊल तिथंच थबकलं. ते माघारी फिरले, पाणी प्यायले, बसले. मग "आज नको" म्हणाले आणि दमणीचे बैल सुटले.

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मला राहवेना, मी मागच्या दारानं गोठ्यात गेले. गव्हाणीमागे फुई उकिडवी बसली होती. हातात सायीची वाटी आणि पळी. पळी वाटीवर वाजली की लवंगीला सगळ्या जगाचा विसर पडायचा, हे त्या घरात फुईशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लवंगी चाटत होती. फुईनं माझ्याकडे पाहून चक्क डोळा मारला. पांढऱ्या लुगड्यातली बाई डोळा मारते हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. "तुन्हं लगीन खाई ऱ्हायनी ती," फुई म्हणाली, "खाऊ दे."

पण आबाही काही दूधखुळे नव्हते. तिसऱ्या खेपेला त्यांनी वाटीचा आवाज ऐकला. दुपारी फुई नदीवर धुणं घेऊन गेली असताना त्यांनी सुपडू सालदाराला बोलावलं, लवंगीला गोणपाटात घातलं आणि तापीच्या पलीकडे सोडून यायला सांगितलं. मारलं नाही, म्हणजे पाप नाही. दिवेलागणीला सुपडू खाली मान घालून परत आला. फुईनं त्याला एवढंच विचारलं, "कोनाजोडे सोडी उना?" तो म्हणाला, "होडीवालासना झोपडाजोडे, फुई." तिनं मान हलवली. रडली नाही, भांडली नाही. त्या संध्याकाळी आबांच्या डाळीत मीठ अगदी बेताचं होतं, आणि मला भीती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दमणी जुंपली. आता आडवं जायला कुणी नव्हतं. आबा ऐटीत उतरले, एक पाय दमणीवर ठेवला. पुरुषमाणूस कामाला निघालं की विधवेनं समोर यायचं नाही, तिनं आतल्या खोलीत बसायचं, ही रीत. फुईनं ती इतकी वर्षं पाळली होती. आणि ती फुई रिकामी घागर कमरेवर घेऊन गल्लीच्या मधोमध, बैलांच्या तोंडापुढे येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं मुद्दाम मागे सारला होता.

"भाऊ," ती म्हणाली.

वीस वर्षांनी तिनं त्यांना हाक मारली होती. आबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मांजरले तू तापीपार सोडं. आते माले कथा सोडशी?"

"बाजू हो, रांडे! शुभकामले जाई ऱ्हायनू मी."

"माहीत शे. मन्हा येळले बी तू शुभकामलेच गयथा." तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "तू रोज निंघ. मी रोज हुभी ऱ्हासू. यान्हापेक्षा मोठा अपशकुन तुले गावमा भेटनार नही. आनि भाऊ, हाऊ अपशकुन तूच करेल शे."

सगळी गल्ली दारात आली होती. आबांनी सुपडूच्या हातातला चाबूक हिसकावला आणि उगारला. फुई हलली नाही. तेवढ्यात माझे वडील, जन्मात कधी मान वर न केलेले माझे वडील, ओट्यावरून उतरले, त्यांनी जू उतरवलं आणि बैल गोठ्यात नेले. आबा चाबूक धरून तसेच उभे राहिले.

असल्या बातम्यांना तापी आडवी येत नाही. तळोद्याच्या मंडळींनीच कळवलं, मुलगी अपशकुनी दिसते, आम्ही दुसरीकडे बघतो. त्यांनी पाहिलीही. ती पोरगी अठरा वर्षांची व्हायच्या आत विधवा झाली. तिला फुई नव्हती. मला पुढं कितीतरी वर्षं कुणी मागणी घातली नाही, अपशकुनी पोर म्हणून गाव बोट दाखवायचं. दाखवा म्हणावं! तेवढ्या वर्षांत मी लिहाय-वाचायला शिकले, आणि नंतर पंचांग न बघणारा, माझ्याहून पाचच वर्षांनी मोठा नवरा मला मिळाला.

फुईनं पुन्हा मांजर पाळली नाही. कधी संध्याकाळी गोठ्यात जाऊन वाटी वाजवून बघायची, बस्स. भावाशी मात्र आता ती थेट बोलायची, आणि ते आबांना जास्त जड गेलं. बाहेर पडण्याआधी ते हळूच कुणालातरी विचारायचे, "ती कथी शे?" फुईच्या कानावर ते बरोबर पडायचं. आतून खणखणीत आवाज यायचा, "भाऊ, मी घरमाच शे! जाय, जाय!" की आबा पुन्हा खाली बसायचे. शेवटी गावचा पाटील मागच्या दारानं, उकिरड्यावरून धोतर सावरत बाहेर पडू लागला. फुई खिडकीतून बघायची आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवायची.

पुढं आबांना अर्धांगवायू झाला. मी तेव्हा माहेरी होते. अंगाची एक बाजू गेली, जीभ जड झाली. त्यांचं सगळं फुईनंच केलं. पुसणं, कूस बदलणं, चमच्यानं पेज भरवणं, कशातही तिनं कसूर केली नाही. अखेरच्या दिवसांत आबा एकेकाला बोलावून हात जोडायचे. एका हातानं कसले जोडणार, एकच वर करायचे. फुई पेज घेऊन उशाशी बसली तेव्हा तो हात तिच्यापुढे वर झाला. "माले... माफ कर."

फुईनं त्यांचं तोंड पुसलं. "मन्हं चौदावं वरीस परत दे," ती म्हणाली, "मंग करसू." आणि पुढचा चमचा भरवला.

आबा रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात वर केला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. उत्तर तेच. आईच्यानं पाहवेना. ती काकुळतीला येऊन म्हणाली, "बाई, त्यासना जीव आडकेल शे हो! म्हनी टाका ना एकदा."

"आडकू दे, वहिनी," फुई म्हणाली, "मन्हा तीस वरीस आडकेल शे."

आबा तसेच गेले, माफीवाचून. गावातल्या बायका म्हणाल्या, काय दगडाचं काळीज हे! फुई त्यानंतर पुष्कळ जगली, आणि तिला कधी पस्तावा झालेला मी पाहिला नाही. खोटं कशाला बोलू, मलाही झालेला नाही.