टिचबटणाची कवळी

बीडीएस दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि मिरजेच्या एका दवाखान्यात कवळ्या बनवायला लागलो, तेव्हा वाटलं होतं, काम तरी शांत असेल. कसलं काय! एवढे किस्से साठलेत, की चहाला बसलो की दोस्त आधी विचारतात, "आज कुणाची पडली रं?"

आमच्या सरांची खासियत म्हणजे टिचबटणाची अर्धी कवळी. उरलेल्या दातांवर धातूची गोळी, कवळीत तिची टोपी. टक्‌ करून बसते. नायलॉनची टोपी झिजते, मग बदलायची. मेटलची घातली की गोळी झिजते आणि ओढ बसते दाताला. टोपी बदलता येते. दात येतो का परत? पण सरांचं एकच पालुपद : "मेटल घाल!" त्यापायी तासगावकडच्या एका आज्जींचे शेवटचे दोन सुळे पणाला लागले. त्यांच्यावर येतोच.

*

मलकापूरच्या रिटायर्ड सुभेदारांना घातली मेटल. आठ दिवसांनी आले ते खिशात पक्कड घेऊनच!

"पोरा, बसवलीस झकास. आता काढ."

आठ दिवस कवळी तोंडातच! मी घामाघूम. सर मात्र कौतुकानं म्हणाले, "याला म्हणतात रिटेन्शन! पकड बघ कशी!"

*

लोणंदच्या कांदा व्यापाऱ्याला नायलॉन दिली. गड्यानं कवळी स्वच्छ करायला चक्क उकळली! टोप्या सैल, कवळी वाकडी. सर तापले : "गरम पाण्यात टाकायची नाही, सांगितलं होतं ना?"

"आवं, रोज कडक चहा हिच्यावरनंच जातोय की!"

*

एकदा धीर करून म्हणालो, "सर, नायलॉनच बरी."

"डिग्री पूर्ण केली असतीस, तर ऐकलं असतं."

त्यांच्या डिग्रीला बुरशी आलीय. फ्रेम मीच पुसतो, म्हणून माहितीय!

*

आता आज्जी. नायलॉनच्या टोप्या महिन्यात झिजायच्या, जेवताना कवळी ताटात. चौथ्यांदा आल्या, तेव्हा सर ओरडले, "बास! मेटल घाल!"

"सर, दोनच सुळे उरलेत. तेही हलतील."

"तू गप!"

मी जुनी टोपी काढून बघितली. आत काळी, खरखरीत पूड. वास घेतला. मिश्री!

"आज्जी, मिश्री लावता?"

"तोंडाला न्हाई रं," आज्जींनी पदरानं ओठ झाकले. "कवळीला तेवढी लावते. लय लख्ख निघती."

सरांनी डोक्याला हात लावला. मी आज्जींसमोर बसलो. "आज्जी, नीट ऐका. मिश्रीनं टोपी घासली जाते. ती सोडली न्हाई, तर हे सर मेटल घालणार. मग तुमचे दोन सुळे बी जाणार. काय ते ठरवा."

आज्जींनी माझ्याकडं बघितलं, सरांकडं बघितलं. टक्‌ करून कवळी काढली, पदरानं पुसली आणि सरांच्या टेबलावर ठेवली.

"मग ही ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच. मिश्रीला माझं दोन सुळं बास हायत!"