मिस्त्रीकाकांची घालमेल

गॅरेज सोडल्यावर मिस्त्रीकाका दर शनिवारी शाळेच्या आवारात मुलांना जुन्या गाडीचं इंजिन जोडायला शिकवत. पोरं पाना उलटा फिरवू लागली की काकांचे हात शिवशिवत, जीव वरखाली होई. त्या दिवशी नववीतली एक मुलगी कार्बोरेटर बसवत होती. काकांनी न राहवून तिच्या हातातला पाना काढूनच घेतला.

"काका, मग आम्ही शिकायचं कधी?"

काका वरमले. पाना परत देऊन ते फाटकाबाहेर येरझाऱ्या घालत राहिले. तासाभरानं इंजिन खोकलं, बंद पडलं आणि मग धडधडू लागलं. काका धावतच आत आले. मुलीच्या तळहातावर एक नट उरला होता.

"हा कुठला गं?"

"तेच विचारायला येत होते."

"मग बंद कर आणि उघड परत," म्हणत काकांनी तिच्याशेजारी बसकण मारली.