ताटावर आडवा हात

दुसरी भाकरी संपत आली की मेजर डावा हात ताटावर आडवा धरायचे आणि वाढपी अजून दोन टेबलं लांब असतानाच म्हणायचे, "बास बास. नको आता. लय झालं."

तुम्ही समोर बसला असता तर तुमच्याही लक्षात आलं असतं, की तो हात ताटाला टेकलेला नसायचा. चांगला वीतभर वर असायचा. त्याच्या खालून कुणी आख्खी भाकरी सरकवली असती तरी हाताला लागली नसती. पण हॉटेलातल्या वाढप्याला एवढं बघायला वेळ कुठला? 'नको' ऐकलं की तो टोपली घेऊन पुढच्या टेबलाकडं वळायचा. मेजर त्याच्या पाठीकडं बघत राहायचे. मग माझ्याकडं वाकून हळूच निकाल सांगायचे, "इच्यारलं, पन एकडाव. रिजेक्ट."

रिजेक्ट हा शब्द त्यांनी माझ्याकडून उचलला होता. कुपवाडला पंपाचे सुटे भाग करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर भागाला मापाचं गेज लावायचं, बसलं तर पास, नाही बसलं तर रिजेक्टच्या ट्रेमध्ये. मेजर आमच्याकडं स्टोअर सांभाळायचे. खरं तर ते मिलिटरीतून हवालदार म्हणून बाहेर पडले होते, पण आमच्या सातारा-सांगलीकडं पलटणीतून आलेल्या कुणालाही मेजरच म्हणायची पद्धत आहे, आणि त्यावर कुणी हरकत घेतल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. गाव माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पलीकडं. बायको जाऊन पाच-सहा वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा मुंबईला. गावात एकट्यानं भिंती बघत बसण्यापेक्षा स्टोअरमधले नटबोल्ट बरे, असं म्हणून हा माणूस कुपवाडला एका खोलीत येऊन राहिला होता.

माझी बायको साताऱ्याला शिक्षिका. मुलगी तिच्याजवळ. मी एकाआड एक सुट्टीला घरी जायचो. मधली सुट्टी मला खायला उठायची, आणि त्या दिवशी मेसही बंद. मेजरांची तर काय, रोजच सुट्टीसारखी गत. एकदा त्यांनी स्टोअरच्या खिडकीतून विचारलं, "सायेब, उद्या दुपारी कुटं जेवनार?" मी म्हटलं, कुठंच नाही. त्या दिवसापासून आम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवर बसून हॉटेलं तपासायला लागलो. तपासायला हा त्यांचाच शब्द.

त्यांना खाण्यातलं कळायचं नाही, असं मात्र समजू नका. आळणी रश्श्याची वाटी नाकाशी नेऊन ते बोकड कोवळं की जून हे सांगायचे. तासगाव रस्त्यावरच्या एका हॉटेलात त्यांनी पहिल्या घासाला सांगितलं, "वाटान आजचं न्हाई." मालकानं आधी आवाज चढवला, मग आत जाऊन आला आणि गुपचूप दुसरी वाटी ठेवून गेला. मेजरांनी ती वाटी चाखली, मान डोलावली, आणि बाहेर आल्यावर बडीशेप चघळत म्हणाले, "रस्सा पास. हाटेल रिजेक्ट." कारण ठरलेलं. तिथंही दुसऱ्यांदा कुणी विचारलं नव्हतं.

गंमत बघा, बाहेर फलकावर हातभर अक्षरात 'रस्सा अनलिमिटेड' लिहिलेलं असायचं, आणि हा सहा फुटी माणूस दोन भाकऱ्यांवर उठून अर्धपोटी बाहेर यायचा. खोलीवर जाऊन बिस्किटं खायचा. मला हे कळलं ते एकदा त्यांच्या खोलीवर चहाला गेलो तेव्हा. जेवून तास झाला नव्हता आणि मेजरांनी बिस्किटांचा आख्खा पुडा चहात बुडवून संपवला. मला हसूही आलं आणि कसंसंही झालं.

बायपासवर एक नवीन हॉटेल निघालं होतं. आत गारवा, पांढरेशुभ्र नॅपकिन, काळ्या कोटातला वाढपी. त्यानं जेवण झाल्यावर मोबाइल पुढं केला. "सर, प्लीज, फाइव्ह स्टार द्या ना."

मेजरांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बाबा, चोवीस वर्सं नोकरी केली. मला तीन फिती मिळाल्या. तारा एक न्हाई मिळाला. तुला पाच कुटनं दिऊ?"

तो बिचारा गोंधळला. मी घाईघाईनं त्याच्या मोबाइलवर चार तारे दाबले. मेजर बाहेर येईपर्यंत माझ्यावर रुसले होते. म्हणाले, "तुमी वशिल्यानं पास करता. वर्कशॉपातबी आसंच करता का?"

त्या दिवशी मी शेवटी बोललोच. म्हटलं, "मेजर, पोटात भूक असते, मग पहिल्यांदाच हो म्हणा की. त्या माणसाला काय स्वप्न पडतं?"

"आसं कसं?" त्यांना खरोखरच धक्का बसला होता. "पैल्या डावाला व्हय म्हनलं तर हावरट न्हाई का दिसत?"

"हॉटेलात कोण बघतंय?"

ते मोटारसायकलच्या सीटवरची धूळ हातानं पुसत राहिले. मग म्हणाले, "सायेब, पल्टनीत लंगर आसतोय. लायनीत हुबं ऱ्हायाचं, ताट फुडं करायचं, पडंल त्ये घ्यायचं. खायाला कमी नव्हतं, पन नको म्हनायची सोय न्हाई. कुनाला म्हननार? सुट्टीला घरी आलो की पैल्या दिशी म्या मुद्दाम ताटावर हात धरायचो. मालकीन म्हनायची, काडा हात. म्या म्हनायचो, नको. ती म्हनायची, आवं काडा, तव्यावरची हाय. आन घालायचीच. तवा कुटं वाटायचं, आलो बाबा घरी."

एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी किक मारली. त्या दिवसानंतर मी त्यांना चिडवायचं सोडून दिलं.

त्यांच्या तपासणीत पास झालेलं ठिकाण एकच. वर्कशॉपच्या कामासाठी आम्ही दोघं कडेगावला गेलो होतो. परत येताना उसाच्या फडाला लागून एक पत्र्याची खानावळ दिसली. तिथं साठीच्या पुढची एक बाई चुलीवर भाकऱ्या थापत होती. सगळे तिला चाची म्हणत होते. नवरा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं वेल्डिंग करायचा, शेजारीच त्याची ठिणग्या उडणारी शेड होती. चार बाकडी, एक माठ, दुसरं काही नाही. मी मेजर म्हणतोय हे तिनं चुलीपाशी बसल्याबसल्याच ऐकलं होतं.

दुसरी भाकरी संपत आली. मेजरांचा हात आडवा झाला. "बास बास. नको आता."

चाची तव्यावरची भाकरी उलथन्यावर घेऊन तशीच उठली. "हात काडा."

"नको, लय झालं."

"आवं मेजर, काडा म्हंते न्हवं? पोळंल हात, मग मला बोल लावू नका." आणि तिनं ती फुगलेली भाकरी वीतभर उंचीवरच्या त्या हाताखालून ताटात सरकवली. वर रश्श्याची पळी ओतली. "येवढ्याशा जेवनावर कुनी पल्टनीत घेतलं तुमाला?"

मेजर खाली मान घालून खात राहिले. चौथी भाकरीही तशीच गेली. उठताना त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि रस्सा काही इतका तिखट नव्हता. कुपवाडला उतरल्यावर फक्त म्हणाले, "पास."

पुढं आठ-दहा महिने आम्ही दुसरीकडं कुठं गेलोच नाही. एवढ्या लांब, उन्हातान्हात, दोन भाकऱ्यांसाठी नाही, तर तिसऱ्या भाकरीसाठी. मीही तिथं हात आडवा धरायला शिकलो. चाची मलाही शिव्या घालून वाढायची. खोटं कशाला सांगू, साताऱ्याच्या घराची आठवण त्या बाकड्यावर बसलं की जरा कमी टोचायची.

मग एका सुट्टीला गेलो तर खानावळीच्या दाराला कुलूप. वेल्डिंगची शेडही बंद. समोरच्या उसाला पाणी पाजणाऱ्या माणसानं सांगितलं, चाचीचे गुडघे साफ गेले, लेकीनं दोघांना इचलकरंजीला नेलं. मेजर कुलपाकडं बघत उभे राहिले. एकदा हातानं ओढूनही पाहिलं.

आम्ही दाराबाहेर राहिलेल्या एका बाकड्यावर टेकलो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलाचा होता. मेजरांना कमी ऐकू यायचं म्हणून फोनचा आवाज कायम मोठा, त्यामुळं मलाही सगळं ऐकू येत होतं.

"दादा, येताय का मुंबईला? आता आमी मोठी खोली घेतलीय."

मेजरांचा डावा हात मांडीवर होता. तो जरासा उचलला गेला. "नको रं. तितं माजं काय काम. तुमाला आडचन."

"बरं. मग जपून ऱ्हावा. काय लागलं तर फोन करा."

फोन बंद झाला. मेजर त्याच्या काचेकडं बघत होते. मी वाट बघत होतो, की आता निकाल सांगतील. ते म्हणाले, "इच्यारलं..." आणि पुढचं बोललेच नाहीत. रिजेक्ट हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. पोटचा पोरगा होता.

मुलगा वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. दर महिन्याला फोन करून विचारपूस करायचा. वडील नको म्हणतात म्हणजे त्यांना नको असेल, असं त्याला वाटायचं. मुंबईत तसंच असतं. त्यानं वडिलांचा आडवा हात फोनवरून बघायचा तरी कसा?

मी मात्र तो हात समोर बसून बघितला होता. म्हणून पुढचं सांगणं अवघड आहे.

त्या पावसाळ्यानंतर मेजर जिना चढताना थांबायला लागले. छातीवर मूठ घासायचे. वर्कशॉपजवळच्या डॉक्टरांनी मिरजेला मोठ्या दवाखान्यात दाखवायला सांगितलं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी ते स्टोअरच्या खिडकीत उभे होते. मी गेज परत द्यायला गेलो आणि विचारलं, "मेजर, उद्या मी येऊ का सोबत?"

"नको नको," ते म्हणाले. "तुमाला कामं हायती. मिरज काय लांब हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी आमच्याकडं माल तपासायला बाहेरची माणसं येणार होती. माझ्या डोक्यात तेच होतं. मी म्हटलं, "बरं. काही लागलं तर फोन करा." आणि वळलो. वळताना मला दिसलं होतं, खिडकीच्या फळीवर, रजिस्टरच्या वर, त्यांचा डावा हात आडवा होता. टेकलेला नव्हता. मला ते दिसलं होतं, आणि मी चालू लागलो होतो.

मिरजेहून आल्यावर ते एवढंच म्हणाले, "बगू म्हनले. चार दिस गावाकडं जाऊन येतो." स्टोअरच्या किल्ल्या त्यांनी माझ्याकडं दिल्या. चारचे दहा दिवस झाले. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा म्हणाले, बरं हाय. तिसऱ्या वेळी फोन मुलानं उचलला. मेजर आदल्या सकाळी अंगणात खुर्चीवर बसल्याबसल्या गेले होते.

तेराव्याला मी गेलो. दहिवडी सोडल्यावर बाजरी काढलेली मोकळी रानं आणि त्यात मेंढरं, बाकी माणूस दिसेना. घर नीट झाडलेलं होतं. मुलानं मला ओळखलं नाही, पण कुपवाड म्हटल्यावर हात धरून बाजूला नेलं. अंगानं तो थेट मेजरांसारखा.

"मिरजेत म्हनले व्हते, सोबतीला मानूस घिऊन या, मग फुडची तपासनी करू," तो म्हणाला. "दादांनी मला त्ये सांगितलंच न्हाई, नुसतं मिरजेत दाखवून आलो म्हनले. आता कागद गावल्यावर कळलं. पन तुमी सोबत येतो म्हनला हुता, त्ये मातर सांगितलं. शेवटच्या फोनवर. म्हनले, सायबांनी इच्यारलं, मीच नको म्हनलं." त्यानं माझा हात अजून सोडला नव्हता. "येवढं तरी कोन इच्यारतंय वं, आजकाल?"

मी काय सांगणार होतो? एकदाच विचारलं, हे?

पंगत बसली. मेजरांचा फोटो समोर खुर्चीवर ठेवला होता. गणवेशातला, खांद्याशी तीन फिती. मुलगा स्वतः बुंदीचं घमेलं घेऊन वाढत होता. गावाकडची पंगत ती. प्रत्येकापुढं तो थांबायचा, प्रत्येक जण नको म्हणायचा, आणि तो वाकून म्हणायचा, "आवं घ्या की. दादांच्या नावाचं हाय. घ्या." दोनदा, तीनदा. घेतल्याशिवाय तो कुणालाच सोडत नव्हता.

माझ्यापुढं आला तेव्हा माझा डावा हात पत्रावळीवर आडवा झालेला होता. कधी झाला, मलाच कळलं नाही. मी म्हटलं, "बास बास. नको आता."

"हात काडा," तो म्हणाला, आणि वाट न बघता माझ्या हाताखालून ओंजळभर बुंदी सरकवली.