बाई पंच पाहिजे

देगलूरच्या आमच्या ऑफिसात त्या दुपारी एक हवालदार आला. साहेबांच्या केबिनमधून बाहेर पडताना त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. "या मॅडम चालतील."

मी नांदेडहून रोज एसटीनं जाणं-येणं करणारी लिपिक. ऑफिसात बायका दोनच, आणि दुसरी बाळंतपणाच्या रजेवर. साहेब म्हणाले, "गांजाची गाडी धरलीय. गाडीत एक बाई आहे, म्हणून बाई पंच पाहिजे. जावं लागेल. आपण सरकारी माणसं, आपल्याला नाही म्हणता येत नाही."

तेलंगणाच्या हद्दीजवळ, एका बंद धाब्यासमोर पांढरी कार उभी होती. ड्रायव्हर जमिनीवर मान खाली घालून बसलेला. मागचं सीट उचकटलेलं, आणि त्याखालच्या चोरकप्प्यातून खाकी चिकटपट्टीत गुंडाळलेले पुडे पोलीस एकेक करून काढत होते. ओल्या गवतासारखा वास पसरला होता. बाई धाब्याच्या भिंतीला टेकून उभी होती. पन्नाशीची, हातात कापडी पिशवी.

महिला पोलिसानं तिला धाब्याच्या खोलीत नेऊन माझ्यासमोर तिची झडती घेतली. पिशवीत एक लुगडं, तंबाखूची चंची आणि बाळाचं एक टोपडं निघालं. झडती चालू असताना ती माझ्याशीच बोलत राहिली.

"बाई, म्या जळकोटाकडची. लेक तेलंगणात मदनूरकडं दिलीय, ती बाळंत झाली म्हणून गेल्ते. स्टँडावर बस बघत हुते. ह्यो म्हनला, उदगीरला चाललोय, बसा मावशी. बसले. आता हे काय हाय, मला सांगा की."

मी बाहेर येऊन फौजदारांना तिचं बोलणं सांगितलं. ते वजनकाट्याकडं बघतच म्हणाले, "सगळ्याच असं सांगतात मॅडम. गाडीत बाई असली की कुणी अडवत नाही, म्हणून हे लोक बाई बसवतात. तिनं काय सांगायचं ते कोर्टात सांगू दे. तुम्ही जे सापडलं त्याचे पंच."

पुडे मोजले, वजन झालं, नमुने काढून लाखेचे शिक्के बसले. मी पंचनामा वाचला. लिहिलेलं सगळं खरं होतं. सही केली आणि शेवटची एसटी धरून घरी आले. आमचे हे म्हणाले, "झालं ना काम? आता विसर."

काही महिन्यांनी त्या बाईचा नवरा विचारत विचारत ऑफिसात आला. धोतर, टोपी, हातात चपला. आत यायला संकोचून तो दारातच बसला.

"तुमी तितं होता म्हनं. जामीन दोनदा फेटाळला. वकील म्हनतो, ह्या कायद्यात जामीन लई अवघड. आदी ती निर्दोष हाय असं कोर्टाला वाटाया पायजे, मगच सोडतेत. तुमी सांगा की जजसाहेबाला, ती काय म्हनली ते."

"मामा, मला आता कुणालाच काही सांगता येत नाही. कोर्टात बोलावतील तेव्हा सांगेन."

"कवा बोलवतेल?"

मला ठाऊक नव्हतं. तो गेल्यावर तोच हवालदार आला. आवाज न चढवता त्यानं समजावलं, "आरोपीच्या माणसाशी बोलू नका. उद्या पंच फुटला असं झालं तर तुमच्या नोकरीवर येईल." साहेबांनीही केबिनमध्ये बोलावून तेच सांगितलं. त्यानंतर तो म्हातारा स्टँडवर दिसला की मी नांदेडच्या गाडीत लवकर चढून खिडकीची काच ओढून बसायची. तो खिडकीपाशी कधी आला नाही. नुसता उभा राहायचा.

मी बदलीचा अर्ज केला, तो मंजूर झाला नाही. झाला असता तरी समन्स तिथं आलंच असतं.

केस उभी राहिली तेव्हा ती बाई ओळखू येईना इतकी वाळली होती. सरकारी वकिलांनी विचारलं तेवढ्याची मी उत्तरं दिली. पुडे हेच का, हो. सही तुमचीच का, हो. मग तिचा वकील उठला. सरकारकडून मिळालेला, कोवळ्या वयाचा. तो म्हणाला, "तुम्ही घटनास्थळी गेलाच नव्हता. पोलीस ठाण्यात बसून सही केलीत."

मी तिच्याकडं पाहिलं. मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर पंचनामाच खोटा ठरून कदाचित ती सुटली असती. ड्रायव्हरही सुटला असता, आणि ते खोटं होतं.

"मी गेले होते," मी म्हणाले. "आणि ही बाई स्टँडवरून लिफ्ट घेऊन आले म्हणाली, तेही मी ऐकलं."

सरकारी वकील हरकत घ्यायला लगेच उठले. न्यायाधीशांनी मला विचारलं, "हे पंचनाम्यात आहे?"

"नाही."

"पंचनामा वाचून सही केली होती?"

"हो."

मग माझं वाक्य त्यांनी टाईप करायला सांगितलं. तिचा वकील कागद आवरून खाली बसला.

निकाल लागला. माल खूप होता, म्हणून दोघांनाही दहा वर्षं. त्या कायद्यात एवढ्या मालाला त्याहून कमी शिक्षा नाहीच, न्यायाधीशाला वाटलं तरी देता येत नाही. अपील झालंय. त्या तरुण वकिलानं फोनवर सांगितलं की अपिलात धरायला माझं ते एकच वाक्य आहे, आणि नंबर कधी लागेल ते कुणीच सांगू शकत नाही. म्हातारा आता स्टँडवर दिसत नाही. त्याचं गाव मला माहीत आहे, पण गेले नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर पुन्हा हवालदार आला. नवा होता. नवरा-बायकोला धरलं होतं, परत बाई पंच पाहिजे होती. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी पर्स उचलली.

तिथं पोचल्यावर मी फौजदारांना म्हणाले, "ही बाई जे बोलेल ते पंचनाम्यात लिहा. मगच मी सही करीन."

त्यांना ते आवडलं नाही. पण ऊन होतं, दुसरी बाई कुठून आणणार? "बरं, लिहू," ते म्हणाले आणि तिच्याकडं वळले. "बोला, काय सांगायचंय?"

ती नवऱ्याकडं बघत होती. तो मान खाली घालून बसला होता. मी तिच्याजवळ गेले, म्हणाले, "ताई, काय असेल ते आत्ताच सांगा. लिहून घेतायत."

तिनं पदर तोंडाला लावला. ती काहीच बोलली नाही. फौजदारांनी तसं लिहिलं, आणि मी सही केली.